शिलाई मशीनवरची चिठ्ठी

मला दुसऱ्यांच्या घरात डोकवायची सवय आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं. माझी अख्खी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. पोरांच्या दप्तरात काय आहे, डब्यात काय आहे, आज तोंड का पडलंय, हे पाहणं हेच माझं काम होतं. निवृत्त झाले, दप्तरं गेली, सवय तेवढी राहिली. पुलगावात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या वहिनींचं अंगण दिसतं. तिथं कोण आलं, काय वाळत पडलंय, फाटकात उभं राहून किती वेळ बोलणं झालं, हे मला कधीही विचारा. कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

अशा बाईला आमच्या पाळकसाहेबांनी मोहाविरुद्धचा वर्ग घ्यायला सांगितला.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. मंडळी आमची लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. पाळकसाहेब तरुण आहेत, लग्न व्हायचंय. ते म्हणाले, "बाई, यंदा कुटुंबांना तुम्ही शिकवा. घरात रोज येणारे मोह पवित्र शास्त्राच्या आधारानं कसे परतवायचे, हा विषय. मी बोललो की लोक म्हणतात, याचं अजून लग्न नाही, याला घरातलं काय कळतं."

"अन् मला नवरा जाऊन दहा वर्षं झाली," मी म्हटलं, "मला काय कळतं?"

"तुम्हाला सगळ्यांच्याच घरातलं कळतं."

घ्या! हो म्हटलं.

पहिल्या गुरुवारी मी बायबलातली रानातली गोष्ट घेतली. ती सगळ्यांना पाठ आहे. प्रभू चाळीस दिवस उपाशी असतो आणि मोह पाडणारा तीनदा येतो. धोंड्यांच्या भाकरी कर म्हणतो, मंदिराच्या टोकावरून उडी टाक म्हणतो, आणि शेवटी जगातली सगळी राज्यं दाखवतो. तिन्ही वेळा प्रभू शास्त्रातलं एकेक वचन पुढे करतो, आणि तेवढ्यावर बोलणं संपतं. आरडाओरडा नाही, वाद नाही. मास्तरीण म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. पाठांतर ऐन वेळी कामी आल्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे नाही.

मग मी माझी युक्ती सांगितली. शाळेत पाढे पाठ होत नसले की मी ते भिंतीवर, फळ्याच्या कडेला, पाण्याच्या माठावर चिकटवून ठेवायची. पाणी प्यायला गेलं तरी सातचा पाढा समोर. तसंच करायचं. प्रत्येकानं आपल्याला हवं ते वचन चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि आपला मोह जिथं राहतो तिथं चिकटवायचं. हात तिकडे गेला की आधी वाचायचं, मग हात मागे घ्यायचा. आपला मोह कोणता, हे मात्र कुणालाही सांगायचं नाही, मलासुद्धा नाही.

बायका एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. पुरुष खाली चटईकडे पाहायला लागले. तेवढ्यात समोरच्या वहिनींनी हात वर केला. वहिनी कधी वर्गात बोलत नाहीत. त्या शिवणकाम करतात, साऱ्या मंडळीच्या बायकांचे ब्लाउज त्यांच्याकडेच.

"बाई," त्या म्हणाल्या, "देवळाच्या टोकावर नेलं तवा त्यानं जे म्हटलं, तेबी वचनच होतं ना? म्हणजे सैतानालेही वचन पाठ होतं का?"

सगळे खो खो हसले. त्यांचे यजमान, ज्यांना मी भाऊ म्हणते, ते मात्र हसले नाहीत. भाऊ मंडळीचे पंच आहेत, उपासनेत शास्त्र वाचायचं काम त्यांचं, आवाज असा की बाहेर रस्त्यावरचा माणूस थांबेल. बायकोचं हसं झालं हे त्यांना आवडलं नाही. मलाही वेळेचं दडपण होतं, अजून चिठ्ठ्या वाटायच्या होत्या.

"त्याले सगळं पाठ असते वहिनी," मी म्हटलं, "चला, पुढं चला."

हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

आता खरं सांगते. चिठ्ठ्यांची युक्ती मी लोकांसाठी काढली तितकीच स्वतःसाठी काढली होती. मोह सांगायचा नाही म्हटलं, पण चिठ्ठी लावायची तर ती दिसणारच! दर गुरुवारी नवं घर, शिवाय मधल्या दिवसांत मी हालहवाल विचारायला म्हणून जायची. चहा व्हायचा, आणि माझे डोळे भिंतींवरून फिरायचे. इतकी मजा मला नोकरीतसुद्धा आली नव्हती.

एका घरी चिठ्ठी साखरेच्या डब्याच्या झाकणाला आतून लावलेली. ती कुणाची हे सांगायलाच नको, त्या घरच्या आजींना शुगर आहे आणि त्या गोडाच्या नावानं रडतात. एका सुनेनं मोबाइलच्या पाठीवर लावून वर प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. एका घरी दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवर, बरोबर कानाच्या उंचीवर चिठ्ठी. बाप्पा! मी ती पाहिली आणि चहाचा घोट नाकात गेला. आणि एका गृहस्थांच्या मोटरसायकलच्या टाकीवर. हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि नदीचा पूल ओलांडला की जिल्हा संपतो. त्यांची बायको मला हळूच म्हणाली, "बाई, दोन शनिवार झाले, गाडी पुलाकडे वळली नाई." मला आनंद झाला. युक्ती चालत होती, आणि मी म्हणजे कोण, असं मला वाटायला लागलं होतं.

माझी स्वतःची चिठ्ठी कुठे होती? खिडकीवर. स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीवर, बरोबर डोळ्यांसमोर. मी काही अगदीच नाठाळ नाही. पण कुकरची वाफ लागून तिचा डिंक सुटायचा, एक कोपरा लोंबायचा, आणि त्या कोपऱ्याखालून वहिनींचं अंगण दिसायचं.

समोरच्या घरी मी मुद्दाम उशिरा गेले, चांगलं राखून ठेवल्यासारखं. भाऊंची चिठ्ठी शोधावी लागली नाही. टीव्हीच्या कडेला लावली होती, बातम्यांतली भांडणं पाहून त्यांचा रक्तदाब चढतो. ते मला दाखवूनच म्हणाले, "माझं सरळ हाय बाई. लपवायचं काय?" भाऊ आधी कापसाच्या मिलमध्ये होते, आता घरीच असतात. माणूस कडक पण स्वच्छ. टेबलावर त्यांचं काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र नेहमीच्या जागी होतं.

वहिनींची चिठ्ठी मात्र दिसेना. फ्रिजवर नाही, कपाटावर नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात जाऊन आले, मिसळणाच्या डब्यापर्यंत नजर पोचली, तिथंही नाही. शेवटी निघताना आतल्या खोलीत पाहिलं. पायाच्या शिलाई मशीनवर लाकडी झाकण घातलेलं, आणि त्या झाकणावर चिठ्ठी.

मशीनवर? शिलाई मशीनमध्ये कसला आलाय मोह?

रस्ता ओलांडून घरी येईपर्यंत मी तोच विचार करत होते. त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं. तेवढ्यात मला आठवलं की माझा नवा ब्लाउज पंधरा दिवसांपासून तिथं पडला आहे आणि वहिनी दर वेळी "होईल ना बाई" म्हणतात. मंडळीतल्या आणखी दोघींनी हीच तक्रार केली होती. वहिनींनी शिवणं बंद केलं होतं. मग काय, मी दोन आणि दोन चार केले. शिवणाऱ्या बाईच्या हाताला मोह कशाचा? उरलेल्या कापडाचा. मागच्या खेपेला शिवलेल्या माझ्या अंजिरी ब्लाउजच्या कापडातून हातभर तुकडा उरायला हवा होता, तो मला परत मिळाला नव्हता. आता बाईचं मन खात असणार, म्हणून मशीनलाच हात लावत नाही. मला इतकं समाधान वाटलं की काय सांगू! कोडं सुटलं होतं.

सुटलं तर सुटलं, गप्प बसायचं की नाही? पण मी मास्तरीण. पुढच्या गुरुवारी लहान मोहांविषयी बोलताना मी म्हटलं, "आता समजा एखादी शिवणारी बाई आहे. तुकडा उरला, ठेवून घेतला. म्हणते, एवढ्याशा तुकड्याचं काय! मोह असाच एवढासा असतो." आणि मी वहिनींकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, पण आमच्या मंडळीत शिवणारी बाई दुसरी आहे कोण? पाच-सात माना तिकडे वळल्या. वहिनींनी मान खाली घातली आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसल्या. भाऊंचा चेहरा लाल झाला. प्रार्थना संपल्यावर दोघंही चहाला न थांबता गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या दारात. हातात उशीचा एक जुना अभ्रा, चिंध्यांनी गच्च भरलेला.

"बाई, हे घ्या. सगळ्याइचे हाय. कोणाचा कोणता ते मले मालूम हाय, मी एकेक सांगून देते, तुम्ही वाटून टाका."

असं म्हणून त्यांनी अभ्रा माझ्या दिवाणावर उलटा केला. लाल, हिरवे, ठिपक्यांचे तुकडे पडले. त्या बोलत होत्या, हा अमकीचा, हा तमकीचा, आणि आवाज अगदी सरळ होता. मला तिथल्या तिथे जमीन फाटावी असं झालं. आपण बरोबर होतो याचं समाधान कुठल्या कुठे गेलं. माझा अंजिरी तुकडा काही त्यात दिसेना. मी उगाच हात घालून ढीग सारखा केला, तर खालून तो निघाला.

तो तुकडा नव्हता. ते झबलं होतं. माझ्या तळहाताएवढं, मागे दोन नाड्या, गळ्याला बारीक पांढरा गोट. त्याच्या खाली आणखी एक होतं, ठिपक्यांचं. मग एक टोपरं.

वहिनींनी झडप घालून ते सगळं छातीशी धरलं. "हे चुकून आलं," त्या म्हणाल्या, आणि टोपरं घडी करत खाली बसल्या.

आता त्यांच्या लेकीविषयी सांगायला हवं. एकच मुलगी त्यांना. माझ्या शाळेत होती, गणितात हुशार. दोन वर्षांपूर्वी तिनं मागच्या गल्लीतल्या बौद्ध कुटुंबातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. मुलगा चांगला, शेती खात्यात नोकरीला, आता दोघं हिंगणघाटला असतात. पण त्या दिवशी भाऊंनी शास्त्र टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला, आणि मोठ्या आवाजात शपथ घेतली की ती या घराचा उंबरा चढणार नाही आणि या घरातलं कुणी तिचा उंबरा चढणार नाही. मोठ्या आवाजात म्हणजे माझ्या खिडकीपर्यंत ऐकू आलं. मी पाहत होते. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी वाटलं होतं, वा, काय निष्ठा आहे या माणसाची! त्यानंतर आम्ही मंडळीत कुणीच तिचं नाव काढलं नाही.

"तिले नववा लागला," वहिनी म्हणाल्या. "बजारात तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. सासू नाई तिले. घरात बाईमाणूस नाई. पह्यलं बाळंतपण, अन् माय इथं बसून हाय."

"अन् मशीन?"

"तुम्हीच म्हटलं ना बाई, हात जिथं जाते तिथं चिठ्ठी लावा. मशीनवर बसली का हात आपोआप लहानच कापे. ब्लाउज घेतला तरी झबलंच होये. जो तुकडा उरे त्याचं झबलं. मले वाटलं हा मोहच हाय. देवासमोर शपथ झाली, अन् माझं मन हिंगणघाटले पळून राह्यलं. म्हणून चिठ्ठी लावली अन् मशीनच बंद केली."

"मग? वाचून मन थांबतं का?"

"पह्यले दोन दिवस थांबलं. मग नाई थांबलं. मग मी जास्त वाचलं."

शिकवताना मी सोपं करून सांगितलं होतं, मास्तर लोक करतात तसं: जे करावंसं फार वाटतं, तिथं वचन लावा आणि हात मागे घ्या. साखरेला ते ठीक होतं, पुलाला ठीक होतं. ही बाई माझं ऐकून महिनाभर स्वतःच्या लेकीपासून हात मागे घेत बसली होती, आणि मी वर तिला चोर ठरवलं. मला माझा इतका राग आला की मी तिच्यावरच खेकसले.

"ते वचन मी तुम्हाला यासाठी दिलं होतं का?"

"मग काऊन दिलं?" वहिनी म्हणाल्या. अगदी साधेपणानं विचारलं त्यांनी, वर्गात विचारलं होतं तसंच.

मी उठून माझं शास्त्र आणलं. चष्मा लावला. रानातली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचली, आणि मंदिराच्या टोकापाशी थांबले. या वेळी पुढे चला म्हणायला वर्ग नव्हता. तिथं मोह पाडणारा खरंच वचन म्हणतो. शब्दही बरोबर म्हणतो. इतकी वर्षं मी ती ओळ वाचत आले आणि तिच्यावर एकदाही थांबले नव्हते.

"त्याले पाठ होतं, वहिनी," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर विचारलं होतं. मीच पळाली तिथून."

"मग वचन कोणाचं खरं, अन् कोणाचं खोटं, ते कसं समजायचं?"

हे मला नोकरीभर कुणी विचारलं नव्हतं. मी पान पुन्हा वर-खाली पाहिलं. भाकरी, उडी, राज्यं. भाकरी कुणासाठी? स्वतःच्या पोटासाठी. उडी कशासाठी? लोकांनी पाहावं म्हणून. राज्यं? स्वतःला मिळावीत म्हणून.

"इथं त्यानं तीन गोष्टी पुढे केल्या," मी सावकाश म्हटलं, कारण मलाच ते तेव्हा सुचत होतं. "त्यातली एक तरी दुसऱ्या कुणासाठी होती का?"

वहिनींनी विचार केला. "नाई."

"हे झबलं तुमच्या अंगात येते का?"

त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता तेच झबलं डोळ्यांना लावून रडायला लागल्या. मीही रडले.

"पण शपथ?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या.

"शपथ भाऊंनी घेतली. त्यांच्या पायांचं त्यांनी पाहावं. दुसऱ्याच्या पायांची शपथ कुणाला घेता येते का?"

हे बरोबर बोलले की आगाऊपणा केला, हे मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवरची चिठ्ठी पूर्ण सुटून ओट्यावर पडली होती, त्यामुळे सगळं दिसलं. वहिनी चपला घालून, पिशवी खांद्याला लावून दारात उभ्या होत्या आणि भाऊंना काहीतरी सांगत होत्या. आवाज येत नव्हता. चोरून जाणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. सांगून झाल्यावर वहिनी फाटक उघडून वर्ध्याच्या बसकडे गेल्या. पुढे तिथून हिंगणघाटची बस धरायची. अभ्रा पिशवीतून बाहेर डोकावत होता.

तासाभरात भाऊ माझ्या दारात.

"बाई, तुम्ही मोह टाळाले शिकवता का लोकांचं घर फोडाले?"

"आत या भाऊ, बसा."

"बसत नाई. मी शास्त्रावर हात ठेवून बोललो. ते आता खोटं पाडू? मग उद्या मंडळीसमोर कोणत्या तोंडानं वाचू?"

मला शांत बोलायचं होतं, पण माझा स्वभाव तुम्हाला कळलाच असेल. "भाऊ, देवळाच्या टोकावर तो जे बोलला, तेही शास्त्रातलंच होतं. तुम्हीच दरवर्षी उपासनेत वाचता, खणखणीत आवाजात."

भाऊंनी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. "म्हणजे मी सैतान?"

"असं मी म्हटलं नाही."

"म्हटलं तुम्ही," ते म्हणाले, आणि निघून गेले. जाताना माझं फाटकसुद्धा लावलं नाही, आणि ते फाटक लावल्याशिवाय कधी जात नाहीत.

रविवारी ते उपासनेला आले नाहीत. शास्त्र दुसऱ्याच कुणी अडखळत वाचलं. गुरुवारीही आले नाहीत. पाळकसाहेबांनी मला काही विचारलं नाही, पण माझ्याकडे दोनदा पाहिलं. मला झोप लागेना. जोडप्याचा इतक्या वर्षांचा संसार, आणि मी एका दुपारी चष्मा लावून त्यात हात घातला. वहिनी परत आल्यावर भाऊंनी दारच लावून घेतलं तर? तिकडे बाळंतपण नीट झालं नाही तर? मी किती जणांना पुरी पडणार होते? वर्गात मी त्या दिवशी काहीच शिकवलं नाही, नुसती प्रार्थना घेतली.

मग एका सकाळी फोन वाजला. वहिनी होत्या, लेकीच्या फोनवरून. "बाई, पोट्टी झाली. दोघीबी सुखरूप हाय." आणि मग त्यांनी हसत हसत मला नाक सांगितलं. बाळाचं नाक कुणावर गेलंय ते.

"भाऊंना सांगू?" मी विचारलं. मी तर चपला शोधायलाही लागले होते.

"नको," वहिनी म्हणाल्या. "त्याइनं विचारलं तरच सांगजा. नाई विचारलं तर नाई."

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या बाईच्या पोटात ही बातमी! चार दिवस! भाऊ अंगणात येत, तुरीच्या काड्यांचा भारा इकडचा तिकडे करत, एकटेच बसत. मी खिडकीत उभी. एकदा तर मी "भाऊ" म्हणून हाकसुद्धा मारली आणि "काही नाही, मांजर होती" म्हणून मागे सरले. शेवटी भाताच्या पेजेनं चिठ्ठी खिडकीवर पुन्हा चिकटवली, चारही कोपरे दाबून. मोह परतवणं म्हणजे काय, हे मी लोकांना शिकवत होते, पण मला ते त्या चार दिवसांत कळलं. वचन वाचलं की बरं वाटतं असं काही नसतं. नुसतं पुन्हा वाचावं लागतं.

पाचव्या दिवशी वाटलं, हा माणूस जेवतो तरी का? वांग्याची भाजी आणि दोन भाकरी घेऊन गेले. मनाशी पक्कं केलं होतं, डबा ठेवायचा आणि यायचं.

भाऊंनी दार उघडलं. दाढी वाढलेली. "ठेवा," म्हणाले. मी टेबलाकडे गेले. टीव्ही बंद होता, आणि त्याच्या कडेची चिठ्ठी गेली होती. डिंकाचा पिवळा डाग तेवढा राहिला होता. चिठ्ठी टेबलावरच्या शास्त्रावर होती. काळ्या पुठ्ठ्यावर, मधोमध, ज्या जागी त्यांनी शपथ घेताना हात ठेवला होता तिथं. त्यांच्याच ठसठशीत अक्षरातली. ती पुन्हा चिकटवताना कोपरा फाटला होता.

मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. तोंडाशी आलेले शंभर प्रश्न मी गिळले. डबा ठेवला, त्यावर झाकण नीट बसलंय का ते उगाच दाबून पाहिलं आणि दाराकडे वळले.

"बाई."

"काय भाऊ?"

"तुमाले मालूम असनच."

"काय?"

ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. रस्त्यापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज मला दोन हातांवरूनही नीट ऐकू येईना.

"पोट्टं का पोट्टी?"

"पोट्टी."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग खाली बसले, आणि डोळे पुसायच्या आधी त्यांनी शास्त्र हळूच बाजूला सरकवलं, ओलं होऊ नये म्हणून.

"कोणासारखी हाय?"

नाक माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांच्याच चेहऱ्याच्या मधोमध ते नाक होतं आणि मी त्याच्याकडे पाहत होते. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही.

"मले काय मालूम?" मी म्हटलं. "मी कुठं पाह्यली? तुम्ही पाहून या भाऊ, अन् मग मले सांगजा."